हौसाक्काची उडी

“मास्तर, मिशी काढा,” हौसाक्का म्हणाली.

मी मिशी काढून दिली. आमच्या चित्रपट कंपनीत चांगली मिशी एकच होती, मुंबईहून करून आणलेली. ती ज्याच्या ओठावर असेल तो राजपुत्र, असा साधा कारभार होता. प्रेमाचे, विरहाचे आणि दरबारात छाती काढून उभं राहण्याचे प्रसंग असले की ती माझ्या ओठावर असे. घोडा उधळला, महालाला आग लागली किंवा कुठून तरी कुठे तरी उडी मारायची वेळ आली, की हौसाक्का हात पुढे करायची.

तिनं मिशी चिकटवली, अंबाडा फेट्यात कोंबला आणि माझ्याकडे तोंड वळवलं. मिशी लागली की ती बोलायचीही पुरुषासारखी.

“कसा दिसतो?”

“माझ्यापेक्षा बरी.”

“त्ये तर हायेच. पर तुमी बसल्यावर लई झ्याक दिसता.”

ती तासगावकडची. सर्कशीत झुल्यावर वाढली. सर्कस बुडाली तेव्हा तंबूतला सिंह एका संस्थानिकानं नेला, हत्ती एका देवस्थानानं नेला आणि हौसाक्का म्हेत्रे आमच्या तात्यासाहेबांनी कोल्हापूरला आणली. तात्यासाहेब म्हणजे आमचे दिग्दर्शक आणि मालक. तिची उंची बरोबर माझ्याएवढी होती. खांदे मात्र माझ्याहून रुंद. तेव्हा तिच्याशी जुळावं म्हणून माझ्या अंगरख्यात कापूस भरत. हे कंपनीबाहेर कोणाला माहीत नव्हतं. पोस्टरवर माझ्या नावाआधी ‘जिवावर उदार’ असं छापलेलं असे. कोणाच्या जिवावर, ते छापायला जागा पुरत नसे.

गावोगाव लोक माझा दंड चाचपायला यायचे. अशा वेळी हौसाक्का नऊवारी नेसून, कपाळभर कुंकू लावून, शेजारी उभी असे आणि गंभीर चेहऱ्यानं सांगे, “हात लावा, लावा. लोखंड हाय निस्तं.” मग लोकांची पाठ वळली की पदर तोंडाला लावून हसे. तिच्या स्वतःच्या दंडाला कोणी कधी हात लावला नाही. लावला असता तर बोटं मोडली असती.

तिच्या गळ्याजवळचं हाड दोनदा मोडलं होतं, डावा गुडघा एकदा. त्या हाडांबद्दल ती माहेरच्या माणसांसारखी बोलायची. “आज गुडघा जरा रुसलाय,” म्हणायची, आणि त्याच रुसलेल्या गुडघ्यानिशी धावत्या घोड्यावरून बैलगाडीत पडायची. पडण्यातही असं सौष्ठव, की गाडीतला कडबा तेवढा दचकायचा.

त्या दिवशी आम्ही कासारी नदीच्या काठी होतो. पात्रावर झुकलेला एक पडका बुरूज आणि समोर प्रचंड वड. राजपुत्रानं बुरुजावरून झेप घ्यायची, वडाला बांधलेला दोर हवेत पकडायचा आणि झोका घेऊन पलीकडच्या फांदीवर उतरायचं. दोर आधी वडाच्या बाजूला ओढून धरलेला असे. निशाण खाली आलं की माणूस तो सोडणार, दोर झुलत बुरुजाकडे येणार, आणि तो पुरता पोचायच्या आत हौसाक्कानं निघालेलं असायला हवं. खाली नदीचं कोरडं पात्र, काळे खडक, आणि खडकांवर ताणून बांधलेलं सर्कशीतलं जुनं जाळं. 

तिच्या मानानं हे काम नेहमीचंच होतं. पण त्या दिवशी सकाळपासून ती दोनदा बुरुजाच्या कठड्यावर उभी राहिली होती, दोनदा दोर आला होता, आणि दोन्ही वेळा तो रिकामाच परत गेला होता.

हौसाक्का उडी मारत नव्हती.

पहिल्यांदा सगळ्यांना वाटलं, काहीतरी खुपलं असेल. दुसऱ्यांदा कोणालाच काही वाटेना. सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. तात्यासाहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि मला बाजूला घेतलं.

“वामनराव, बाईचं वय झालं.”

“माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे.”

“तुम्ही कुठे उडी मारता?” तात्यासाहेब म्हणाले. ते अगदी खरं होतं. “मोडलं तिचं धैर्य. होतं असं, कोणाचा दोष नाही त्यात. गवताचा पुतळा करायला सांगितलाय. अंगरखा घालू, फेटा बांधू, दोराला बांधून सोडू. तिला उद्यापासून गर्दीतल्या बायकांत घेतो. घागर घेऊन उभं राहायचं. उपाशी नाही मरायची.”

“आणखी एकदा—”

“एकदाच. संध्याकाळी पेस्तनजी यंत्र घेऊन मुंबईला परत जातोय. भाड्याचं यंत्र आहे ते, माझ्या सासऱ्याचं नाही.”

यंत्र म्हणजे आवाज पकडायचं. बोलपट नुकतेच आले होते आणि हा आमचा पहिला. पेस्तनजी नावाचे एक पारशी गृहस्थ ते घेऊन आले होते, आणि आल्यापासून त्यांना एकच गोष्ट हवी होती. “सायलन्स! एकदम सायलन्स पायजे! ए, ते कावलाला उडव!” कावळा उडाला. मग त्यांना आमच्या कॅमेऱ्याची कुरकुर ऐकू आली. तेव्हा नवा, विजेवर आपोआप फिरणारा कॅमेरा आणला आणि तो मुजावरचाचांसकट एका लाकडी खोलीत बंद केला. खोली न्हाणीघराएवढी. पुढे काच, आत कॅमेरा आणि घामाघूम मुजावरचाचा. 

इब्राहीमचाचा मुजावर आमचे छायाचित्रकार. मूकपटांच्या दिवसांत ते कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवायचे आणि फिरवण्याची गती चुकू नये म्हणून सतत काहीतरी गुणगुणायचे. त्या गुणगुणण्याला शब्द नव्हते, सूर असेलच असंही नाही, पण ठेका असा पक्का, की त्यावर लेझीम खेळावं. 

मी हौसाक्काला शोधलं. ती बुरुजामागं शिडीच्या पायथ्याशी बसली होती. मिशी अजून ओठावर होती. तिच्यासमोर चार माणसं माझा दुसरा अंगरखा गवतानं भरत होती.

“तुमच्यासारखाच दिसाय लागलाय,” ती म्हणाली.

“हौसाक्का, भीती वाटते का?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी तिला शिवीच दिली.

“भीती? मला? मास्तर, चाचा गात न्हाईत.”

“म्हणजे?”

“म्हंजे काय? चाचा गात न्हाईत!” तिनं मांडीवर हात आपटला. “सर्कशीत बेंड वाजायचा. त्येच्या ढोलावर आमी सुटायचो. आवो, दोर डोळ्यानं बघून उडी घ्यायची नसती. दोर दिसला म्हंजे गेलाच. त्यो यायच्या आधी आपुन निघायला पायजे. मंग कशावर निघायचं? ठेक्यावर. हितं आल्यापास्नं चाचांच्या ठेक्यावर निघतो मी. आज कठड्यावर उभा ऱ्हायलो, कान लावला, तर सगळं मसणवटीवानी गप. अंगच हालंना.”

“मग तात्यासाहेबांना सांगितलं का नाही?”

“सांगितलं की. म्हनले, पेस्तनजीला चालनार न्हाई.” तिनं गवताच्या पुतळ्याकडे हनुवटी उडवली. “आन् घागर घिऊन मी उभा ऱ्हानार न्हाई. आधीच सांगतो. तासगावला जाईन, कोनाचं बी शेन काढीन. पर गर्दीत न्हाई.”

एवढं बोलून ती उठली आणि वळून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिला एवढ्या वर्षांत मी पाठमोरी पाहिली नव्हती असं नाही. पडद्यावर ती कायम पाठमोरीच असे. पण ही पाठ वेगळी होती.

मी म्हटलं, “मी पायानं ठेका धरला तर?”

भिंतीकडूनच उत्तर आलं. “धरा बगू.”

मी धरला. तिनं जरा वेळ ऐकून घेतलं.

“ऱ्हाऊ द्या, मास्तर. ह्येच्यावर निघालो तर बारा वाजायच्या ठिकानी साडेनवाला पोचंन.”

माझ्या पायांत ताल नव्हता, गळ्यात त्याहून नव्हता. पण मला वर जायचं होतंच. तात्यासाहेबांचा हट्ट असा, की उडी आणि आरोळी एकदमच आली पाहिजे. झेप घेताना राजपुत्र गर्जतो, “थांब दुष्टा!” हे हौसाक्काकडूनच म्हणवून घ्यावं असा विचार आधी झाला होता. तिचा आवाज माझ्याहून भरदार होता, त्यात काही अडचण नव्हती. पण ती प्रत्येक वेळी “थांब रं मुडद्या!” असंच म्हणे. माळव्याच्या राजपुत्राला ते शोभेना. म्हणून मी कठड्याआड लपून बसायचं आणि तिनं झेप घेताच ओरडायचं, असं ठरलं होतं. बुरुजाच्या बाजूला बांबूवर मायक्रोफोन टांगला होता. सकाळी दोन्ही वेळा मला वर नेण्यासाठी चार माणसं लागली होती, आणि वर पोचल्यावर मी डोळे उघडले नव्हते.

उंचीशी माझं जमत नाही. आमच्या घराला माडी नव्हती याबद्दल मी वडिलांचा आजही ऋणी आहे.

या खेपेस चार माणसं पुतळ्यात गुंतलेली, म्हणून हौसाक्काच मला वर घेऊन निघाली. ती पुढे, मी मागे. शिडीच्या शेवटच्या पायरीवर माझे पाय थांबले. तिनं वाकून माझं मनगट धरलं आणि खसकन वर ओढलं. वर आलो तरी मनगट सोडेना.

“पोचलो,” मी डोळे मिटून म्हणालो. “सोडलंत तरी चालेल.”

“गप बसा.”

“काय झालं?”

“बोलू नगा म्हनते न्हवं!” घाईत तिच्या तोंडून बाईसारखं निघून गेलं. तिचं बोट माझ्या नाडीवर होतं. श्वास रोखून ती काहीतरी ऐकत होती. मग म्हणाली, “मास्तर, खाली बगा.”

“नको.”

“बगाच.”

मी एक डोळा उघडून खाली बघितलं. नदी होती. फार खाली होती.

“आई गं,” हौसाक्का हळूच म्हणाली, आणि मिशीखाली तिचे दात दिसले. “चाचाच की वो!”

“कोण चाचा?”

“तुमची नाडी! डिट्टो चाचांचा ठेका. पळतोया नुस्ता. थांबू नगा हां, आसंच भ्या!”

माझ्यावरचं एवढं मोठं संकट मी पहिल्यांदाच कोणाच्या तरी आनंदाचं कारण होताना पाहिलं. तिनं मला कठड्याआड बसवलं आणि स्वतः कठड्यावर चढून, एक गुडघा टेकून, पवित्रा घेतला. उजवा हात पुढे, कॅमेऱ्याला दिसेल असा. डावा हात मागे सोडलेला, आणि त्यात माझं मनगट. खालून पेस्तनजींनी शांतता मागितली. निशाण पडलं. मी पाहिलं, तिनं डोळे मिटले होते. बोटाखाली माझी नाडी उडत होती. एकाएकी मनगटावरचा दाब नाहीसा झाला, आणि कठड्यावर कोणी नव्हतं.

ती हवेत होती. आडवी, सरळ, जणू कोणी तिला तिथे मापून ठेवली होती. दोर आला तो तिच्या हातांतच आला. मग ती वडाच्या फांदीवर उभी होती आणि खाली माणसं टाळ्या पिटत होती. मला आठवलं, मी ओरडलो नव्हतो. आठवल्यावर ओरडलो.

टाळ्या थांबल्या.

“ए कोन बोलला?” पेस्तनजी म्हणाले. “लेट बोलला! आनि हा प्रिन्स हाय का प्रिन्सेस?”

माझा आवाज फारच बारीक आला होता. पुन्हा करायचं ठरलं. मला खाली उतरा म्हणाले, पण चढण्यापेक्षा उतरणं वाईट, म्हणून मी कठड्याआडच बसून राहिलो. खाली मुजावरचाचा न्हाणीघरातून बाहेर आले होते. घाम पुसत ते तात्यासाहेबांना काहीतरी समजावत होते. तात्यासाहेब मान हलवत होते, पुतळ्याकडे बोट दाखवत होते. मग हौसाक्का त्यांच्यामध्ये जाऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं ती वर आली, मघाच्याच उत्साहानं.

तिनं पवित्रा घेतला, मागे हात केला, माझी नाडी धरली. तिच्या कपाळाला आठी पडली.

“मास्तर, बरं हाय न्हवं?”

“उत्तम आहे.”

“मंग ह्ये काय? म्हस रवंथ केल्यावानी चाललंय.”

खरंच, मला मुळीच भीती वाटत नव्हती. मघाची तिची झेप मी उघड्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि ती पाहिलेल्या माणसाला जगात काही पडतं, यावर विश्वास ठेवणं कठीण होतं. मी तिला तसं सांगितलं.

“आता कप्पाळ!” ती दात आवळून पुटपुटली. “समदा जलम भिन्यात घातला आन् ऐन वक्ताला शूर झालायसा! भ्या की वो जरा!”

“प्रयत्न करतोय.”

“घरच्यांचं आठवा. सासू येनार हाय म्हना.”

“सासू वारली.”

“सायलन्स!” खालून आरोळी आली. निशाण वर गेलं. पलीकडे दोर ओढून धरलेला दिसत होता.

“मास्तर,” ती अगदी हळू म्हणाली. “खाली बगा.”

“आता खाली पाहूनही काही होत नाही,” मी म्हणालो आणि पाहिलं.

जाळं नव्हतं.

वडाखाली दोघेजण ते गुंडाळत होते. मागच्या खेपेस त्याची कड कॅमेऱ्यात दिसली होती. चाचा सांगत होते ते तेच, आणि तात्यासाहेब नको म्हणत होते ते तेच. म्हणूनच ते पुतळ्याकडे बोट दाखवत होते. आणि हौसाक्का मध्ये जाऊन म्हणाली होती, काढा.

खाली नुसते खडक होते. काळे, धुतल्यासारखे.

मी तिच्याकडे पाहिलं. माझं तोंड उघडलं होतं. एक हाक मारली असती तर सगळं थांबलं असतं. पेस्तनजींचं यंत्र संध्याकाळी गेलं असतं, दोराला गवताचा राजपुत्र लोंबकळला असता, आणि उद्या घागर घेतलेल्या बायकांत एक जागा रिकामी राहिली असती. तिला हे माझ्या आधी कळलं असावं, कारण तिची पकड घट्ट झाली.

“वराडायचं तर त्या दुष्टाला वराडा,” ती म्हणाली. “मला न्हाई.”

मी तोंड मिटलं.

आणि मग ते सुरू झालं. मघाची भीती माझी होती. तिला कोपरे होते, ती ओळखीची होती. ही माझी नव्हतीच. माझ्या छातीत कोणीतरी दोन्ही हातांनी ढोल बडवत होतं आणि तो ढोल मनगटात, कानांत, दातांत वाजत होता. मी कठड्याला धरलं. तिच्या चेहऱ्यावरची आठी सैल होत गेली.

“हां,” ती म्हणाली. “लागला.”

तिनं डोळे मिटले. निशाण पडलं. दोर सुटला. मला तो येताना दिसत होता, तिला नव्हता. तिचं बोट माझ्या नाडीवर मोजत होतं, आणि माझा जीव त्या बोटाखाली जेवढा जोरात उडता येईल तेवढा उडत होता.

हात सुटला.

“थांब!” मी ओरडलो. त्यातला ‘दुष्टा’ नंतर आला, आपसूक, नाटकाच्या सवयीनं. पण ‘थांब’ मी कोणाला म्हणालो ते मला ठाऊक आहे. 

दोर तिच्या हातात होता. ती माझ्या अंगरख्यात, माझ्या फेट्यात, नदीवरून झुलत गेली, आणि पलीकडच्या फांदीवर अशी उतरली, जशी बाई ओट्यावरून अंगणात उतरते. मग फांदीवर बसून तिनं मिशी उपटली आणि ओठ खाजवला.

पेस्तनजींनी कानावरची यंत्रं काढली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. “फस्टक्लास!” ते म्हणाले. “शूं आवाज! आता बोलला ने, मरदसारखा!” पुढे कोल्हापुरात, पुण्यात, नागपुरात, त्या आरोळीला थेटरात हमखास टाळी पडली. माझ्या सबंध अभिनयाची वर्तमानपत्रांनी स्तुती केली ती तेवढी एकदाच.

मला खाली उतरवायला हौसाक्काच आली. तिनं मला पाठीवर घेतलं आणि शिडी उतरू लागली. खाली उभ्या असलेल्या मंडळींनी सौजन्यानं तोंडं फिरवली. तात्यासाहेब तर पुतळ्यातलं गवत उपसून काढण्यात एकाएकी फारच गढून गेले.

शिडीच्या मध्यावर मी तिच्या कानाशी म्हणालो, “जाळं काढायला तुम्हीच सांगितलंत?”

“मंग कोन सांगनार?”

“पडला असतात तर?”

तिनं मला पाठीवर जरा वर सरकवलं.

“उद्याच्याला आगगाडी हाय,” ती म्हणाली. “टपावरनं पुलाच्या कमानीला लटकायचं. तुमी बी यायचं.”

“मी कशाला? त्यात मला संवाद नाही.”

“संवाद कुनाला पायजेत?”

मी गेलो. आगगाडीच्या टपावर गेलो, आणि त्यानंतर ती ज्या ज्या गोष्टीवर चढली त्या प्रत्येक गोष्टीवर, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा बाजूनं, कण्हत चढलो: गिरणीच्या धुरांड्यावर, गलबताच्या डोलकाठीवर, एकदा एका फार नाराज उंटावर. एवढ्या वर्षांत सवयीनं तुमची भीती मोडली असेल, असं लोक आता म्हणतात.

मी ती मोडू दिली नाही. हौसाक्का तिच्यावर उभी होती.